माळशेजच्या चढावर लागणारा दिवा

दाजी, दिवा का लागायचा ते सापडलं.

हे मी तुम्हाला फोनवर सांगणार होतो. कसं सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आवाज चढवायचा नाही, हसायचं नाही, नुसतं 'सापडलं' म्हणायचं आणि तुम्ही 'काय निघालं?' विचारेपर्यंत गप्प बसायचं. बाजारात भाव पाडताना मी असाच गप्प बसतो. समोरचा चुळबुळायला लागला की निम्मं काम झालेलं असतं. पण तुम्ही श्रावणातच निघून गेलात आणि दिव्याचं कारण त्यानंतर हाती लागलं. आता चुळबुळायला समोर कुणी नाही, म्हणून मलाच बोलावं लागतंय. सगळं सांगतो, पण माझ्या क्रमानं. जिवंतपणी तुम्ही मला एकदाही शेवटपर्यंत बोलू दिलं नाहीत. आता ऐकून घ्या.

आक्काच्या लग्नात कान पिळायला मी पुढं आलो, तेव्हा माझा हात तुमच्या कानापर्यंत पोचत नव्हता. तुम्ही बाशिंग सावरत खाली वाकलात आणि हळूच म्हणालात, "दमानं पिळा, मेव्हणं. अजून लई वर्सं पिळायचाय." तुमच्या लोकांनी टोपी पुढं केली. मी कान सोडला नाही. टॉवेल आला. तरी सोडला नाही. शेवटी कुणीतरी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं, तेव्हा सोडला. माझा आयुष्यातला पहिला सौदा तुमच्या कानावर झाला. तुम्ही तो लालभडक कान घेऊन मांडवभर फिरलात आणि भेटेल त्याला सांगत राहिलात, "बहिनीचं लगीन लावताना ह्यो घड्याळ घेऊन गेला. लई पुढं जानार बघा."

पुढं गेलो. त्यासाठी कुणाच्या दारात उभा राहिलो नाही. सायकलला मेथीच्या जुड्या बांधून ओतूरच्या बाजाराला जायचो, तिथून टोमॅटोच्या धंद्यात शिरलो, पुढं लोकांचा माल स्वतःच उचलून कल्याणला पाठवायला लागलो. सहाचाकी गाडी घेतली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, पगारी ड्रायव्हर ठेव, नात्यातला नको. मी कुणाचं ऐकलं नाही आणि डिंभ्याला तुमच्याकडं आलो. एसटीचा पत्ता नव्हता, म्हणून घोडेगावपासून दुधाच्या गाडीत बसून आलो. तुम्ही ओट्यावर विळ्याला धार लावत बसला होता. इतकी वर्षं लोकांच्या गाड्या चालवून कंटाळलो, आता भातच करायचं, असं म्हणत होता. मी म्हणालो, "गाडी माझी, स्टेअरिंग तुमचं. नफ्यात वाटा." तुम्ही विळा बाजूला ठेवलात आणि आक्काला म्हणालात, "माझी दोन कापडं भर." वाटा किती, ते विचारलंसुद्धा नाहीत. मला तेव्हाच राग आला होता. जो माणूस भाव विचारत नाही त्याच्याशी कसं वागायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

नव्या गाडीची किल्ली देवापुढं ठेवायला आपण लेण्याद्रीला गेलो. पायथ्याशी मी नारळवाल्याशी घासाघीस करत होतो. तुम्ही माझा दंड धरून बाजूला ओढलंत.

"आवो, देवाच्या नारळात तरी नका करू."

"नारळ देवाचा वर गेल्यावर होतो. इथं तो ह्या बाबाचा आहे."

नारळवाला हसला आणि त्यानं भाव उतरवला. तुम्ही मात्र मी उतरवलेले पैसे त्याच्या हातावर ठेवूनच पायऱ्या चढायला लागलात. वर गणपतीपुढं किल्ली ठेवून डोळे मिटलेत ते मागची माणसं कुरकुरायला लागली तरी उघडले नाहीत. खाली येऊन गाडीपुढं नारळ फोडलात. मग पुढची जाळी उघडून अर्धी करवंटी आत तिरकी केलीत आणि पाणी धारेनं इंजिनावर सोडलंत. मी विचारलं, हे काय? "पयला घोट हिचा," म्हणालात, "मंग आपला." तुमच्या उस्तादानं तुम्हाला तसं शिकवलं होतं म्हणे. उरलेलं पाणी आपण दोघं प्यायलो. पुढं दर दसऱ्याला तेच, हंगामाची पहिली गाडी भरली की तेच. मला कधी त्यात काही वावगं दिसलं नाही. इंजिनाला हळदकुंकू लावतात, फुलं वाहतात, तसंच हे.

स्टेअरिंगपुढचा इंजिनाचा दिवा पहिल्यांदा लागला तो पावसाळ्यात. कल्याणला टोमॅटो उतरवून, पशुखाद्याची पोती भरून तुम्ही परत येत होता. माळशेजचा चढ चढताना तुमचा फोन आला, "मेव्हणं, समोर नळाच्या तोटीवानी कायतरी पिवळं पेटलंय."

"गाडी चालतीय का?"

"चालतीय."

"मग येऊ द्या."

पिंपरी पेंढारला गाडी माझ्या दारात लागली तेव्हा दिवा विझलेला होता. मी किल्ली फिरवून बघितली, बंद करून परत फिरवली. काही नाही. तुम्ही म्हणालात, "आत्ता व्हता." मी म्हणालो, "आत्ता नाही." इथून आपलं भांडण सुरू झालं, ते मिटायच्या आधी तुम्ही गेलात.

मी काही केलं नाही असं लोक म्हणतात. त्यांनी मिस्त्रीला विचारावं. नारायणगावला गाडी नेली, मिस्त्रीनं स्कॅनर लावला, कुठल्याशा सेन्सरच्या बिघाडाचा जुना कोड निघाला. सेन्सर बदलला. गाडी काही खेपा बरी गेली. घाटात धुकं दाटलं आणि दिवा परत आला. परत मिस्त्री. तिथं कोरड्या उन्हात गाडी अशी गुमान उभी, जसा सासरी आलेला नवा जावई. परत सेन्सर. परत घाट. उन्हाळा लागला की दिव्याचं नाव नसायचं. मी म्हणायचो, बघा, आपोआप बरं झालं. पहिलं मळभ आलं की तुमचा फोन यायचा. मिस्त्री म्हणायचा, गाडी माझ्याकडं सोडून जा, सगळं वायरिंग उघडून बघतो. ऐन हंगामात गाडी सोडून जा! टोमॅटोला सांगता येत नाही, बाबा रे, जरा थांब, पिकू नकोस.

तुम्ही मोबाइलवर दिव्याचा फोटो काढून आणलात. मी म्हणालो, "फोटो मागचा असेल." तुम्ही फोन खिशात घातलात आणि चहा न पिता उठलात.

एकदा मी स्वतः शेजारी बसून आलो. जाताना बघितलं, येताना बघितलं, अख्खा घाट नजर त्या दिव्यावर. त्यानं तोंड दाखवलं नाही. वर आल्यावर तुम्ही म्हणालात, "तुमी बसला की गाडीबी गुमान चालते. तुमच्या घरच्या मान्सांवानी." मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. हसू आलं होतं, ते तुम्हाला दाखवायचं नव्हतं. कल्याणच्या त्या हमालाची गोष्टही तशीच. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाची तसबीर तुम्ही दिव्याच्या बरोबर वर चिकटवली होती. हमालानं पिवळा उजेड बघून हात जोडले आणि म्हणाला, "देवापुढं लाइट भारी बसवली, ड्रायव्हर." हे तुम्ही आक्काला सांगितलंत, आक्कानं मला. तुम्ही स्वतः मला सांगितलं नाहीत, कारण तोवर दिव्याचं नाव काढलं की माझा पारा चढायचा.

मग ती सकाळ. धुक्यात पुढचं दिसत नव्हतं, पाठीवर पोती, दिवा लागला आणि गाडीचा जोर गेला. तुम्ही पहिल्या गिअरवर रांगत रांगत बोगद्यापर्यंत आलात. मागं गाड्यांची रांग, हॉर्न, शिव्या. बोगद्याच्या अलीकडं गाडी बाजूला घेऊन तुम्ही फोन केलात. तुमचा आवाज मला ओळखू आला नाही.

"भागीदार म्हनून न्हाई, मेव्हणा म्हनून सांगतो. दिवा सापडंस्तोवर मी गाडी घाटात घालनार न्हाई."

"दोनदा सेन्सर बदललाय. मिस्त्री म्हणतो इंजिन ठणठणीत आहे. ओझं जास्त झालं असेल."

"ओझं कुनी भरायला लावलं?"

मी फोन ठेवला. बाजारात माल उतरला होता, दोन शेतकरी समोर उभे होते. मी काय चुकीचं बोललो, दाजी? इंजिन ठणठणीत होतं. आज सगळं उघडून बघितल्यावरही सांगतो, इंजिन ठणठणीतच निघालं. तुम्ही त्यानंतरही गाडी चालवलीत, पण घाटाच्या आधी ओतूरला थांबून, आभाळ बघून, धुकं विरल्यावरच पुढं जायचात. माल उशिरा पोचायचा. कल्याणचा व्यापारी मला फोनवर बोलायचा, मी तुम्हाला बोलायचो. पण मी जे काही बोललो ते तुमच्या तोंडावर, फोनवर, दोघांत. तुम्ही मात्र पंगतीत बोललात.

तुमच्या लेकीच्या, मनीषाच्या साखरपुड्यात तुमचं अंगण भरलं होतं. मुलाकडचे पाहुणे माझ्या शेजारी जेवायला बसले होते. त्यांतल्या एकानं तुम्हाला सहज विचारलं, "पावणं, आज गाडीला सुट्टी का?"

तुम्ही म्हणालात, "गाडी ह्या माझ्या मेव्हण्याची. तिचा दिवा लागतो, पन ह्येला दिसत न्हाई. उद्या मी गाडीसकट दरीत गेलो ना, तर ह्यो आधी क्रेट मोजंल, मंग मला हुडकाया उतरंल."

सगळी पंगत हसली. मुलाचा बाप हसला. तुम्हीही हसत होता. आक्का तुपाची वाटी घेऊन माझ्या ताटावर वाकली होती. मी भरल्या ताटावरून उठलो. ती तशीच वाकलेली राहिली.

मुलीच्या मामानं साखरपुड्यात ताटावरून उठणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. आणि मेव्हण्याला माझा जीव क्रेटपेक्षा स्वस्त, असं नव्या सोयऱ्यांपुढं म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हालाही ठाऊक होतं. मला कुणी कंजूस म्हणालं तर मी ऐकून घेतो, धंद्यात ते कौतुकच असतं. तुम्ही कंजूस म्हणाला नाहीत. माझ्या लेखी तुम्ही कोण, हे तुम्ही सांगितलंत आणि ते खोटं होतं. आणि हसत सांगितलंत, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही.

तरी मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी तुम्ही याल. किल्ली तुमच्याकडं होती, गाडी माझ्या दारात. यावंच लागलं असतं. मी काय काय बोलायचं ते मनाशी जुळवून ठेवलं. तुम्ही आला नाहीत. किल्ली आली. ज्या डिंभ्याच्या एसटीचा कधी नेम नाही, ती त्या दिवशी वेळेवर आली आणि कंडक्टरनं माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. "डिंभ्याच्या पावण्यांनी दिलीय." आत किल्ली, तिला तुमच्या हातचा लाल दोरा. निरोप काय, विचारलं. "निरोप न्हाई, शेठ."

दाजी, पंगतीतलं एक वेळ मी गिळलं असतं. किल्ली परक्याच्या हाती पाठवलीत, ते गिळलं नाही.

आपण शेवटचं बोललो ते मनीषाच्या लग्नात. अंतरपाट धरला तेव्हा मी मामा म्हणून तिच्या पाठीशी उभा होतो आणि तुम्ही समोर. मंगलाष्टकं चालू होती आणि मी अक्षता टाकताना तुमच्याकडं बघायचं टाळत होतो. मग मानपानाची वेळ आली. मामाला टोपी मुलीच्या बापानंच घालायची. तुम्ही टोपी घेऊन पुढं आलात, माझ्या डोक्यावर ठेवलीत, दोन्ही हातांनी खाली दाबलीत. आजूबाजूची माणसं आता हे दोघं काय बोलतात म्हणून बघत होती.

"लहान व्हतीय का?" तुम्ही विचारलंत.

"नाही. बसली," मी म्हणालो.

एवढंच. कान पिळायच्या दिवशी तुम्ही वाकला होता. त्या दिवशी मी थोडं वाकायचं होतं की नव्हतं, ते मला आजही ठरवता येत नाही. तुमचे हात टोपीवर गरजेपेक्षा जास्त वेळ होते, हे मात्र खरं.

आक्काचा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो. "खाचराच्या बांधावर बसले ते उठलेच न्हाईत," एवढंच ती म्हणाली. मी एका शेतकऱ्याशी भाव करत होतो. त्यानं सांगितला तो भाव देऊन टाकला आणि निघालो. तो माणूस अजून मला रस्त्यात गाठून विचारतो, शेठ, त्या दिवशी तुमची तब्येत बरी नव्हती का?

दहाव्याला घोडनदीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या झाडावर बसलेले. खाली एकही येईना. तुमच्या धाकट्या भावानं हात जोडून सांगितलं, "शेत पडीक ठेवनार न्हाई." कावळे हलले नाहीत. जावई म्हणाला, "मनीषाला काही कमी पडू देणार नाही." नाही. आक्काची जबाबदारी घेतली, गाईची घेतली. ऊन चढत चाललं. मग तुमचे म्हातारे चुलते काठीवर उठले आणि म्हणाले, "मेव्हण्याला म्होरं करा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्यांना दिव्याचं ठाऊक होतं. मी पुढं गेलो. पण सवय जात नाही. पहिली बोली मी कमीचीच लावली.

"दाजी, गाडीचा दिवा बघतो."

एक कावळा एक फांदी खाली उतरला आणि थांबला.

चुलते म्हणाले, "बघतो काय? नीट बोल."

"मिस्त्रीकडं टाकतो. सगळं वायरिंग उघडायला लावतो."

कावळ्यानं मान तिरकी केली. बाजारात मला बडबड्या शेतकऱ्याचं भय वाटत नाही. जो गप्प बसून मान तिरकी करतो, तो पूर्ण भाव घेतल्याशिवाय क्रेट सोडत नाही. मागं आक्का हुंदके दाबत होती. मी मोठ्यानं म्हणालो, "दिवा का लागतो ते सापडल्याशिवाय गाडी घाटात घालणार नाही. हंगाम गेला तरी चालेल."

कावळा आला आणि पिंडाला चोच लावली. आणखी दोन आले. लोकांनी सुस्कारे सोडले. "दिव्यातच जीव अडकला व्हता बघा," कुणीतरी म्हणालं. मी नदीत उतरून तोंड धुतलं. तुम्ही माझ्याकडून पूर्ण भाव घेतलात, दाजी. जिवंतपणी कधी विचारला नव्हता, तो सगळा एकदम वसूल केलात, तोही चारचौघांत. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकाच माणसासाठी.

शब्द दिला तसा पाळला. ऐन हंगामात गाडी नारायणगावला मिस्त्रीच्या आवारात उभी केली आणि माझा माल दुसऱ्यांच्या गाड्यांनी कल्याणला पाठवला. रोज सकाळी आवारात जाऊन उभा राहायचो. मिस्त्री वैतागला. "शेठ, तुम्ही बघत बसलात म्हणून वायर लवकर बोलत नाही." त्यानं चालकाच्या बाजूनं सगळं सोडवत आणलं. काही मिळालं नाही. मग पुढची जाळी काढली आणि इंजिनाकडं जाणाऱ्या वायरींचा एक जोड उघडला. आत पितळी पिना हिरव्या पडलेल्या, चिकट थर बसलेला, त्यात मेलेल्या मुंग्या. मिस्त्री म्हणाला, "इथं गोड काय सांडतं? हा जोड कोरडा असला की काम करतो. दमट हवा आली, हादरे बसले की करंट तुटतो. मग दिवा लागतो, जोर जातो. मी येडा सेन्सर बदलत बसलो."

मी वाकून बघितलं. त्या हिरव्या थराच्या कडेला लाल होतं. बोट लावलं. कुंकू.

मला लगेच कळलं. पयला घोट हिचा.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. मी जिंकलो होतो. इतकी वर्षं दिवा माझ्या चिकटपणामुळं लागतो असं अख्खा तालुका म्हणत होता आणि तो तुमच्या नारळामुळं लागत होता. दर दसऱ्याला, दर हंगामाला, तुमच्याच हातानं. मी तसाच मोटरसायकलवर डिंभ्याला निघालो. घोडेगाव येईपर्यंत वाक्यं जुळवली. आधी आक्काला सांगायचं, मग तुमच्या चुलत्यांना, मग मनीषाच्या सासऱ्याला. पंगतीत जेवढी माणसं हसली होती तेवढ्यांना.

आक्का ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती.

"सापडलं का रं?"

"सापडलं," मी म्हणालो आणि गप्प बसलो.

"काय निघालं?"

"नारळाचं पाणी."

तिला कळेना. मी सगळं सांगितलं. जोड कुठं असतो, पाणी आत कसं मुरलं, मुंग्या, कुंकू. "म्हणजे दिवा दाजींनीच लावला होता, आक्का. माझ्यामुळं नाही."

तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, मी हे काय केलं, विधवा बहिणीला रडवायला आलो. पदर बाजूला झाला तेव्हा ती हसत होती. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होती.

"आरं येड्या, ते तुझ्या नावाचं पानी व्हतं."

"माझ्या?"

"ते म्हनायचे, गाडी तुझ्या भावाच्या नावावर हाय. तिच्या डोक्यावर गार वतलं की त्याचंबी डोकं गार ऱ्हाईल. लई तापट हाय, म्हनायचे, कुटंतरी भांडून मरंल एक दिवस. दसऱ्याला हितं आले की पयलं त्येच सांगायचे, आज तुझ्या भावाला पाजून आलो."

"मला तर म्हणाले, उस्तादानं शिकवलंय."

"तुला खरं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

काय केलं असतं? तिथंच लेण्याद्रीच्या पायथ्याशी भांडलो असतो. जुळवलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडात तशीच राहिली. चुलत्यांचं घर समोर होतं, गेलो नाही. आक्का आत गेली आणि ताट घेऊन आली. भात, आमटी, साधंच. मग तुपाची वाटी घेऊन ताटावर वाकली आणि थांबली. माझ्या तोंडाकडं बघत थांबली. मी ताट तिच्याकडं सरकवलं. तूप पडलं. सगळं जेवलो, ताट धुवून ठेवलं. तिनं विचारलं, "मंग आता लोकांना सांगनार का, त्यांच्यामुळं झालं म्हनून?" मी म्हणालो, "तू सांगशील तसं." ती म्हणाली, "सांग की. हसतील तरी त्यांच्या आठवनीनं." म्हणून हे लिहितोय.

मिस्त्रीनं जोड नवा बसवला, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि मला दम दिला की आत थेंब जाता कामा नये. गाडी आता ओतूरचा एक माणूस चालवतो. बरा आहे. भाव विचारून आला, त्यामुळे त्याच्याशी बोलायला सोपं जातं. दसऱ्याच्या आधी त्याच्याशेजारी बसून मी घाट चढून आलो. धुकं होतं, पाठीवर पोती होती. माझी नजर सगळा वेळ तसबिरीखाली. दिवा लागला नाही. बोगदा मागं पडला तेव्हा मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि उगाच खाली उतरून उभा राहिलो. तो म्हणाला, "शेठ, काय झालं? दिवा तर न्हाई लागला." मी म्हणालो, "म्हणूनच."

किल्लीचा राग अजून आहे. तुमचा लाल दोरा मी काढलेला नाही, पण राग आहे. तुम्ही यायला हवं होतं. दारात उभं राहून शिव्या घातल्या असत्यात तरी चाललं असतं. मीही डिंभ्याला येऊ शकलो असतो, असं आक्का म्हणते. तिचं बरोबर असेल. पण त्याचा निकाल लावायला दोघं लागतात, आणि तुम्ही कावळ्यामार्फत फक्त तुमचा भाव सांगता.

दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला. नव्या ड्रायव्हरनं नारळ हातात घेतला, तो मी त्याच्याकडून मागून घेतला. टायरजवळ दगडावर फोडला. अर्धी करवंटी हातात धरून सवयीनं पुढच्या जाळीपाशी गेलो.

"शेठ, आत नका वतू," तो ओरडला. "मिस्त्री काय म्हनला?"

मी थांबलो. करवंटीत पाणी हलत होतं. तुम्ही जसे डोळे मिटून उभे राहायचात तसा मीही थोडा वेळ उभा राहिलो, आणि मग पहिला घोट मीच घेतला. माझ्या नावाचा होता, दाजी. म्हणजे आजवरचे सगळे घोट चुकीच्या तोंडात गेले.

पाणी गार होतं. डोक्याचं अजून काही सांगता येत नाही.